पीएस४ची हार्ड डिस्क बदलायची आहे? आधी पेनड्राइव्ह शोधा

पाचशे जीबीचा पीएस४, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम कन्सोल, घेतला तरी प्रत्यक्ष हाती पडतात ४०८ जीबीच्या आसपास. बाकीची जागा सिस्टिम स्वतःसाठी राखून ठेवते. त्यात रेड डेड रिडेम्प्शन २ हा एकटा गेम शंभर जीबीहून जास्त जागा अडवून बसतो. गेमची डिस्क विकत आणली म्हणजे जागा वाचली, असंही नाही. पीएस४ त्या डिस्कवरचा अख्खा गेम आत उतरवून घेतो, नंतर ती डिस्क फक्त मालकीचा पुरावा म्हणून घालायची. अपडेटची तऱ्हा तर आणखी वेगळी. डाउनलोड एक-दोन जीबीचंच असतं, पण ते जोडताना गेमच्या फाइल नव्याने कॉपी होतात. त्यामुळे गेमच्या आकाराइतकी मोकळी जागा मागितली जाते. ‘जागा अपुरी आहे’ हा निरोप बहुतेकांना तिथेच पहिल्यांदा दिसतो आणि मग कुठला गेम उडवायचा यावरून घरात वाद सुरू होतात.

सोनीने या कन्सोलमध्ये एक शहाणपण दाखवलं आहे. आत लॅपटॉपमध्ये असते तशीच साधी अडीच इंची साटा (डिस्क जोडायची एक प्रमाण पद्धत) हार्ड डिस्क आहे, आणि ती आपल्याला बदलता यावी म्हणून वेगळा कप्पा दिला आहे. पीएस३मध्येही हीच सोय होती. एक्सबॉक्स वनमध्ये ती नाही. तिथे अख्खी पेटी उघडावी लागते. पीएस४ची डिस्क कशी बदलायची हे कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केलेलं आहे, त्यामुळे आपण काही चोरून उद्योग करतोय अशी धाकधूक नको.

स्क्रू काढण्या-लावण्याचं काम पंधरा मिनिटांचं आहे आणि त्यात फारसं कुणी चुकत नाही. लोक अडकतात ते त्याआधीच्या तयारीत. सेव्ह फाइल (गेममध्ये आपण कुठवर पोचलो त्याची नोंद) राहून जातात, पेनड्राइव्हवर चुकीची फाइल उतरवलेली असते, खात्याचा पासवर्ड आठवत नाही. म्हणून या लेखात जास्त जागा तयारीला दिली आहे.

मुळात उघडायची गरज आहे का?

नुसती जागाच हवी असेल तर खरं तर नाही. मार्च २०१७मध्ये आलेल्या ४.५० या सिस्टिम सॉफ्टवेअरपासून पीएस४ला बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क चालते. ती यूएसबी ३.० असावी, किमान २५० जीबीची आणि जास्तीत जास्त ८ टीबीची. मध्ये हब न लावता थेट कन्सोलच्या पोर्टमध्ये खुपसायची, सेटिंग्जमध्ये ‘डिव्हायसेस’खाली ‘यूएसबी स्टोरेज डिव्हायसेस’ उघडून ‘एक्स्टेंडेड स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट करायची, झालं. गेम तिथे जातात आणि तिथूनच चालतात. सेव्ह फाइल आणि स्क्रीनशॉट मात्र आतल्याच डिस्कवर राहतात.

आतली डिस्क बदलावी ती दोन कारणांसाठी. पहिलं, ती म्हातारी झाली असेल तर. मेनू अडखळतो, गेम मधेच थबकतो, आतून टकटक ऐकू येते, किंवा सीई-३४३३५-८ हा एरर दाखवून कन्सोल सुरूच होत नाही. दुसरं कारण, एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) टाकून वेग वाढवायचा असेल तर. पीएस४ भारतात आला जानेवारी २०१४मध्ये. तेव्हा घेतलेल्या कन्सोलमधली ५४०० आरपीएमची यांत्रिक डिस्क अजून मूळचीच असेल तर ती बदलायला कारणं शोधत बसू नका.

कोणती डिस्क घ्यावी

अट एकच, पण ती पक्की आहे: अडीच इंची, साटा, जाडी ९.५ मिलिमीटरपर्यंत. सात मिलिमीटरची छान बसते. इथे हमखास फसगत होते ती ४ आणि ५ टीबीच्या अडीच इंची डिस्कमुळे. त्या १५ मिलिमीटर जाड असतात आणि ट्रेमध्ये मावतच नाहीत. यांत्रिक डिस्क घ्यायची असेल तर २ टीबीवर थांबा. ‘पोर्टेबल डिस्क स्वस्तात मिळते, ती फोडून आतली काढू’ हा विचारही सोडून द्या. अशा कित्येक डिस्कना साटा जोडणीच नसते, यूएसबीचं तोंड थेट सर्किटवरच बसवलेलं असतं.

माझं मत विचाराल तर १ टीबीची साटा एसएसडी घ्यावी. एसएसडी साधारणपणे सगळ्याच सात मिलिमीटरच्या असतात, आवाज नाही, धक्क्याची भीती नाही. सॅमसंग ८७० इव्हो, क्रुशल बीएक्स५०० अशी साधी मॉडेल पुरतात. महागातली घेऊन उपयोग नाही, कारण मूळ पीएस४मधली जोडणी साटा २ या जुन्या वेगाची आहे. साटा ३ मिळते ती पीएस४ प्रो या नंतरच्या मॉडेलमध्ये. शिवाय गेमचा डेटा उलगडण्याचं काम कन्सोलमधल्या जुन्या जॅग्वार प्रोसेसरवर पडतं, तो कुठे पळणार. लोडिंगची वेळ नजरेत भरण्याइतकी कमी होते, मोठ्या नकाशाच्या गेममध्ये तर फारच. पण पीएस५सारखा गेम क्षणात उघडेल अशी आशा धरू नका. चित्राचा दर्जाही बदलत नाही. दुकानदार तसं सांगत असेल तर दुकान बदला.

दुकानाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असो की तुमच्या गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे, जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या डिस्क पुसून ‘नवीन’ म्हणून विकल्या जाऊ शकतात. सीलबंद खोका आणि पक्कं बिल मागा. घरी आल्यावर डिस्क कॉम्प्युटरला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती एकूण किती तास चालली आहे ते पाहा. नव्या डिस्कचा आकडा शून्याच्या आसपास असतो. कॉम्प्युटरवर फॉरमॅट मात्र करायची गरज नाही, पीएस४ ते आपल्या पद्धतीने स्वतःच करतो.

तयारी: इथे घाई नको

सगळ्यात आधी पीएसएनचा (प्लेस्टेशन नेटवर्कच्या खात्याचा) ईमेल आणि पासवर्ड आठवतोय का ते तपासा, नुसता आठवून नव्हे तर वेबसाइटवर प्रत्यक्ष लॉगिन करून. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर अजून तुमच्याकडे आहे ना? नव्या डिस्कवर कन्सोल कोरा होतो, तेव्हा हेच पहिल्यांदा विचारलं जातं.

सेकंडहँड पीएस४ घेतलेल्यांनी इथे जरा जास्त थांबावं. ‘गेम भरून देतो’ म्हणत विकलेल्या कन्सोलमधले गेम बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या खात्यावरचे असतात. कन्सोल कोरा झाला की ते गेले, तुमच्या खात्यातून ते परत उतरवता येणार नाहीत. सिस्टिममध्ये फेरफार करून चालवलेला कन्सोल असेल तर अधिकृत सॉफ्टवेअर नव्याने टाकल्यावर ती सगळी सजावट पुसली जाईल. लायब्ररीत नक्की काय तुमच्या नावावर आहे ते आधीच बघून ठेवा.

आता ट्रॉफी, म्हणजे गेममध्ये कमावलेली बक्षिसं. पीएस४चा बॅकअप ट्रॉफी घेत नाही, त्यामुळे त्या सर्व्हरवर पाठवून ठेवाव्या लागतात. ट्रॉफीच्या पानावर जाऊन कंट्रोलरचं ‘ऑप्शन्स’ बटण दाबा आणि पीएसएनशी सिंक करा. इतकी मेहनत करून मिळवलेली प्लॅटिनम ट्रॉफी अशी वाया जाणं बरं दिसत नाही.

पुढे सेव्ह फाइल. त्या वाचवायचे दोन मार्ग आहेत आणि नव्याने हे करणाऱ्याने त्यातला एक निवडावा.

सोपा मार्ग म्हणजे फक्त सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर घेणे. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन सेव्हड डेटा मॅनेजमेंट’, तिथे ‘सेव्हड डेटा इन सिस्टिम स्टोरेज’ आणि मग ‘कॉपी टू यूएसबी स्टोरेज डिव्हाइस’. प्लेस्टेशन प्लसचे सदस्य असाल तर हेच ऑनलाइन स्टोरेजमध्येही टाकता येतं. पण मी तरीही पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवतो. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ही कॉपी प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी करावी लागते. घरात धाकट्या भावाचं किंवा मुलीचं वेगळं प्रोफाइल असेल तर तिथे लॉगिन करून पुन्हा हेच. हे विसरलात तर महिनाभर टोमणे ऐकाल.

दुसरा मार्ग पूर्ण बॅकअपचा: सेटिंग्ज, सिस्टिम, ‘बॅक अप अँड रिस्टोअर’. यात सेटिंग्ज, सेव्ह फाइल, स्क्रीनशॉट, सगळ्या वापरकर्त्यांचा माल एकदम जातो. गेमही घेता येतात, पण त्यासाठी तेवढी मोठी बाहेरची डिस्क हवी आणि काम तासन्‌तास चालतं. गेमवरची खूण काढून बाकीचाच बॅकअप घेतला तर बराच वेळ वाचतो. घरातल्या कुणाच्या प्रोफाइलला पीएसएन खातं जोडलेलंच नसेल तर हाच मार्ग धरा.

गेम पुन्हा डाउनलोड करणं जीवावर येत असेल तर एक युक्ती आहे. वर सांगितलेली बाहेरची एक्स्टेंडेड स्टोरेज डिस्क हाताशी असेल तर आतले गेम आधीच तिच्यावर हलवा. आतली डिस्क बदलून झाली, आपल्या खात्यात लॉगिन केलं आणि ती डिस्क लावली, की गेम जसेच्या तसे हजर. मग आवडीचे दोन-चार एसएसडीवर ओढून घ्या.

पेनड्राइव्हवरची फाइल

नवी डिस्क कोरी असते, तिच्यात सिस्टिम सॉफ्टवेअर नसतं. ते आपण पेनड्राइव्हवरून द्यायचं आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

प्लेस्टेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर पीएस४च्या सिस्टिम सॉफ्टवेअरच्या पानावर दोन फाइल मिळतात: एक अपडेटची, एक रिइन्स्टॉलेशनची. आपल्याला रिइन्स्टॉलेशनची हवी. ती अपडेटच्या फाइलहून बरीच मोठी, एक जीबीच्या आसपास असते. लहान फाइल उतरली असेल तर तुम्ही चुकीच्या बटणावर टिचकी मारली आहे. फाइल अधिकृत ठिकाणाहूनच घ्या, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरून नको.

पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असावा. एनटीएफएस पीएस४ला वाचता येत नाही. पेनड्राइव्हमध्ये ‘पीएस४’ नावाचा फोल्डर करा, त्याच्या आत ‘अपडेट’ नावाचा फोल्डर, आणि त्याच्या आत ती फाइल. दोन्ही फोल्डरची नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता आणि चारचा आकडाही इंग्रजी. फाइलचं नाव उतरलं तसंच राहू द्या. मात्र तीच फाइल आधी एकदा डाउनलोड केली असेल तर ब्राउझर नावापुढे कंसात १ जोडतो. तो काढून टाका, नाहीतर कन्सोलला फाइल सापडणार नाही.

सेव्ह फाइल आणि ही फाइल एकाच पेनड्राइव्हवर राहू शकतात. पण मी वेगळे ठेवतो. एखाद्या वेळी पेनड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट करावा लागला तर सेव्ह फाइल हकनाक जायला नकोत.

आता स्क्रू ड्रायव्हर

कन्सोल पूर्ण बंद करा. रेस्ट मोड (कन्सोल नुसता झोपवणं) म्हणजे बंद नव्हे. दिवा विझल्यावर सगळ्या वायरी काढा. टेबलावर जुना टॉवेल पसरा आणि हात लावण्याआधी एखाद्या लोखंडी वस्तूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. ‘+’ तोंडाचा लहान स्क्रू ड्रायव्हर पुरतो. फार बारीक असेल तर स्क्रूची खाच झिजते, आणि मग खरा ताप होतो.

तुमचा कन्सोल कुठला आहे त्यावर कप्प्याची जागा ठरते. मागे किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवर सीयूएच या अक्षरांनी सुरू होणारा मॉडेल क्रमांक असतो. १०००, ११०० आणि १२०० मालिका म्हणजे मूळचा जाडसर पीएस४, २००० मालिका म्हणजे स्लिम, ७००० मालिका म्हणजे प्रो.

मूळ पीएस४च्या वरच्या झाकणाचे दोन भाग असतात. दिव्याच्या पट्टीच्या एका बाजूचा लहान भाग बाहेरच्या दिशेला सरकवला की निघतो. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये तो चकचकीत आहे, १२०० मालिकेत खरखरीत. स्लिममध्ये मागच्या कोपऱ्यात छोटं प्लॅस्टिकचं झाकण आहे, ते नखाने ओढून काढायचं. प्रोलाही मागच्याच बाजूला झाकण आहे. तिन्हींत पुढचं काम जवळपास सारखं.

१. आत एकच मोठा स्क्रू दिसेल, त्यावर कंट्रोलरच्या बटणांची चिन्हं कोरलेली असतात: त्रिकोण, गोल, फुली, चौकोन. तो काढा. दुसऱ्या कुठल्याही स्क्रूला हात लावू नका.

२. डिस्कचा धातूचा ट्रे सरळ रेषेत ओढून बाहेर काढा. सुरुवातीला किंचित अडतो, कारण साटा जोडणी घट्ट असते. वाकडा-तिकडा हलवू नका.

३. ट्रेच्या बाजूंना चार स्क्रू असतात. ते काढून जुनी डिस्क बाहेर घ्या. स्क्रूभोवतीचे काळे रबर ट्रेमध्येच राहू द्या, ते थरथर शोषायला आहेत.

४. नवी डिस्क त्याच दिशेने, जोडणीचं तोंड त्याच बाजूला ठेवून बसवा. उघडण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढला असेल तर इथे कामी येतो. चारही स्क्रू हलक्या हाताने आवळा. रबर चपटा होईपर्यंत नको.

५. ट्रे परत आत सरकवा, जोडणी बसल्याचं हाताला कळतं. चिन्हांचा स्क्रू लावा, झाकण बसवा.

झाकण काढलंच आहे तर मऊ ब्रशने कप्प्यातली धूळ काढून घ्या. पंखा साफ करायचा मोह मात्र आवरा; ते काम वेगळं आहे आणि त्यासाठी कन्सोल खराखुरा उघडावा लागतो.

सिस्टिम बसवणे

टीव्हीची आणि विजेची वायर जोडा, पेनड्राइव्ह लावा, कंट्रोलर यूएसबी केबलने जोडा. ही केबल नुसती चार्जिंगची नको, डेटा जाणारी हवी. कंट्रोलरचं बटण दाबूनही पडदा ढिम्म हलत नसेल तर दहांपैकी नऊ वेळा दोष केबलचा असतो.

पॉवरचं बटण दाबलं की कोऱ्या डिस्कमुळे कन्सोल बहुधा आपोआप सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या मेनूत, जातो. गेला नाही तर बंद करून पॉवरचं बटण दाबून धरा. एक बीप लगेच होईल, दुसरी सुमारे सात सेकंदांनी. दुसरी ऐकली की सोडा. यादीतला सातवा पर्याय निवडा: ‘इनिशियलाइझ पीएस४ (रिइन्स्टॉल सिस्टिम सॉफ्टवेअर)’. त्याच्या वर जवळपास याच नावाचा एक पर्याय आहे, पण त्यात सॉफ्टवेअर नव्याने बसत नाही, म्हणून कंसातले शब्द वाचूनच पुढे जा.

मग तो डिस्क फॉरमॅट करतो, सॉफ्टवेअर उतरवतो आणि एक-दोनदा स्वतःच बंद होऊन सुरू होतो. या काळात वीज जायला नको. तुमच्याकडे गुरुवारी लाइट जात असेल तर गुरुवारी हे करू नका, किंवा इन्व्हर्टरच्या प्लगला लावा.

फाइल सापडत नाही असं म्हणाला तर क्रमाने तपासा: फोल्डरची नावं, फाइलचं नाव, पेनड्राइव्हचा फॉरमॅट. सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी असेल तरी तो नाकारतो, म्हणून संकेतस्थळावरची ताजीच घ्यावी. डिस्कच दिसत नसेल तर ट्रे पूर्ण आत गेलेला नसतो. बंद करून पुन्हा बसवा.

भाषा, वेळ, इंटरनेट ही नेहमीची प्रश्नोत्तरं झाली की पूर्ण बॅकअप घेतलेल्यांनी गेमला हात लावण्याआधी रिस्टोअर करून टाकावं, कारण रिस्टोअर करताना आतला सगळा माल पुन्हा पुसला जातो. बाकीच्यांनी खात्यात लॉगिन करून सेव्ह फाइल पेनड्राइव्हवरून परत घ्याव्यात. विकत घेतलेल्या गेमवर कुलूप दिसलं तर घाबरू नका. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट मॅनेजमेंट’ उघडून हा कन्सोल प्रायमरी (तुमच्या खात्याचा मुख्य कन्सोल) म्हणून चालू करा, तरीही नाही उघडला तर तिथेच ‘रिस्टोअर लायसन्सेस’ आहे. गेम उतरवताना जमलं तर लॅन केबल लावा. मूळ पीएस४च्या वायफायला ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा नाही, तो आला स्लिम आणि प्रोपासून.

पीएस५वाल्यांसाठी दोन ओळी: तिथे आतली मेमरी बदलायची नसते, वेगळ्या खाचेत एम.२ एनव्हीएमई एसएसडी वाढवायची असते. ती पीसीआयई जेन ४ची, हीटसिंक असलेली घ्यावी. साटा डिस्क त्या खाचेत बसत नाही.

काढलेल्या डिस्कचं काय

ती कॉम्प्युटरला लावून आतल्या फाइल बघता येणार नाहीत; पीएस४ त्या सांकेतिक रूपात ठेवतो आणि तो संकेत त्याच कन्सोलशी बांधलेला असतो. म्हणून सगळ्या सेव्ह फाइल नव्या डिस्कवर उघडतात याची खात्री होईपर्यंत जुनी फॉरमॅट करू नका. काही राहून गेलं असेल तर ती परत त्याच कन्सोलमध्ये घालून काढून घेता येतं.

खात्री पटली आणि डिस्क अजून धडधाकट असली, तर तिला अडीच इंची यूएसबी ३.० केसिंगमध्ये घाला. पाचशे जीबीची डिस्क एक्स्टेंडेड स्टोरेजच्या किमान अटीत बसते. क्वचित खेळायचे गेम तिच्यावर टाका, रोजचे एसएसडीवर. उद्या पीएस५ घेतलात तर हीच डिस्क तशीच त्याला जोडता येते आणि तिच्यावरचे पीएस४चे गेम पुन्हा डाउनलोड न करता तिथून चालतात.